मांजराला कोडं घालावं का?



विषय कळवल्यावर आयोजकांचा मला दोनदा फोन आला. ‘सर, मांजरच ना?’ हो, मांजरच. ३४ वर्षं मी कॉलेजात शंकराचार्य आणि कांट शिकवले. पण दुसऱ्याचं भलं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, या प्रश्नाने मला त्या दोघांच्या पुस्तकांत जेवढं छळलं नाही तेवढं एका मांजरीने छळलं. तेव्हा आज तिच्याबद्दल, आणि घरातच राहणाऱ्या सगळ्या मांजरांच्या जेवणाबद्दल.

तिचं नाव गार्गी. उपनिषदातली गार्गी प्रश्न विचारून याज्ञवल्क्याला भंडावून सोडते. आमची एकच प्रश्न विचारायची, तोही वाडग्यापाशी बसून. (हशा) आम्ही पूर्वी सदाशिव पेठेत वाड्यात राहत होतो. तिथे मांजरं कुणी ‘पाळत’ नसे, ती असत. कौलांवरून हिंडत, उंदीर मारत, चार घरचं दूध पीत. वाडा पडला, आम्ही सहाव्या मजल्यावर राहायला गेलो, आणि गार्गी दोन महिन्यांची असताना तिथे आली. खिडक्यांना जाळ्या. मातीवर तिने आजवर पाय ठेवलेला नाही. घरात आम्ही दोघं, दोघंही निवृत्त. वाडगा रिकामा दिसला की मी भरायचा. मी भरलाय हे ठाऊक नसल्यामुळे हिने पुन्हा भरायचा. पाच वर्षांत गार्गी सहा किलोच्या वर गेली. दिवसभर झोपायची आणि पहाटे साडेचारला माझ्या छातीवर येऊन बसायची. सहा किलो, छातीवर.

प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, रक्त बघितलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, खाणं काट्यावर मोजून द्या. दोन, ते वाडग्यात ओतून देऊ नका, तिला ते थोडं कमावू द्या. त्यासाठी ‘पझल फीडर’ मिळतात. मी त्याला कोड्याचं भांडं म्हणतो. भोकं पाडलेला चेंडू असतो. मांजराने तो ढकलला की एकेक दाणा बाहेर पडतो. किंवा खाचा-खळगे असलेलं ताट असतं. त्यातून पंजाने दाणे उकरून काढायचे. लोळणारी भांडी आणि जागच्या जागी राहणारी भांडी, एवढेच दोन मुख्य प्रकार. बाकी रंग आणि किंमत.

आता हे का करायचं? मांजराचा मूळ दिनक्रम बघा. मोकाट मांजर आपल्यासारखं दोन वेळा जेवत नाही. ते दिवसरात्रीत मिळून दहा-वीस वेळा थोडं थोडं खातं. एका उंदरात साधारण ३० किलोकॅलरी असतात. चार किलोच्या, घरातच राहणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी लागतात. म्हणजे सहा-सात उंदीर झाले. प्रत्येक उंदरामागे दबा धरणं, वाट पाहणं, झडप घालणं, आणि बऱ्याच झडपा वाया जाणं. मांजराचे डोळे, कान, मिशा, पंजे, सगळं या कामासाठी घडलेलं आहे. आणि आपण काय देतो? तेवढ्याच उष्मांकाचे पन्नासेक ग्रॅम कोरडे दाणे. मूठभर होतात. पाच मिनिटांत संपतात. उरलेल्या तेवीस तास पंचावन्न मिनिटांचं तिने काय करायचं, हे आपण ठरवलेलंच नसतं. नसबंदीच्या ऑपरेशननंतर उष्मांकांची गरज कमी होते, भूक मात्र कमी होत नाही. मग वजन, मधुमेह, सांधे, लघवीचे त्रास. पहाटेचा जो उपद्रव मला होत होता त्यातही गार्गीचा काही दोष नव्हता. पहाट आणि तिन्हीसांजा या मांजराच्या कामाच्याच वेळा.

इथवर मला सगळं पटलं. पटलं म्हणूनच चूक झाली.

तत्त्वज्ञानवाल्यांची एक खोड असते. एखादं तत्त्व पटलं की ते आम्ही पुरतं लावतो. झोपलेल्या सिंहाचं सुभाषित आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलंय. मी म्हटलं, हे तर त्याचंच धाकटं भावंड. चांगलं महागाचं चक्रव्यूहासारखं भांडं मागवलं, त्यात दिवसाचे सगळे दाणे घातले आणि वाडगा उचलून कपाटात ठेवला. गार्गीने भांडं हुंगलं. दोनदा पंजा घातला. दाणा आत दिसत होता, हाताला लागत नव्हता. मग ती भांड्याकडे पाठ करून बसली. रात्र गेली. सकाळी भांडं तसंच. ही म्हणाली, ‘अहो, तिने काही खाल्लं नाहीये.’ मी म्हटलं, भूक शिकवेल. संध्याकाळी पुन्हा म्हणाली. मी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी हिने मला न विचारता डॉक्टरांना फोन लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढ्या. पण त्या दिवशी त्यांनी माझी जी हजेरी घेतली तशी प्राचार्यांनीही कधी घेतली नव्हती. मांजर काही कुत्रा नाही, की दोन दिवस उपाशी राहिलं तरी निभावून नेईल. मांजर, त्यातून लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस खाल्ल्यावाचून राहिलं तर अंगातली चरबी भराभर यकृतात येऊन साठते, यकृत बंद पडू लागतं, आणि त्यात मांजर दगावतं. जितकं मांजर जाडं तितका धोका जास्त. म्हणजे तिचं वजन उतरवण्याच्या नावाखाली मी तिला नेमक्या त्याच कड्यावर नेऊन उभं केलं होतं. वाडगा परत आला. गार्गीने खाल्लं. मी तिच्याजवळ फरशीवर बसून होतो, आणि तिच्या दातांखाली दाणे फुटल्याचा तो कुडूम कुडूम आवाज मी अजून विसरलेलो नाही.

मग मी अभ्यासाला लागलो. आधी लागायला हवं होतं.

आपल्यात बी.एड. झालेले कुणी असतील तर त्यांना थॉर्नडाइक आठवेल. ‘प्रयत्न-प्रमाद उपपत्ती’, परीक्षेला हमखास. त्या उपपत्तीत एक मांजर असतं, ते खरंखुरं होतं. १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइकने आपल्या प्रबंधासाठी लाकडी पेट्या बनवल्या. आत भुकेलं मांजर, बाहेर मासा. दोरीचा फास ओढला किंवा खटका दाबला की दार उघडायचं. आधी मांजर कुठेही ओरबाडायचं, मग चुकून खटका दाबला जायचा, आणि दर खेपेला वेळ कमी कमी होत जायचा. हे आपण शिकवतो. जे शिकवत नाही ते असं की थॉर्नडाइकने स्वतःच नोंदवून ठेवलंय, बहुतेक मांजरांचं बाहेरच्या माशाकडे फारसं लक्ष नव्हतं. त्यांची धडपड कोंडलेपणातून सुटण्यासाठी होती. सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने हे वाचलं की तो जरा थांबतो.

पुढे १९६३ साली ग्लेन जेन्सेनने उंदरांवर प्रयोग केला. पिंजऱ्यात एका बाजूला भरलेलं भांडं, दुसऱ्या बाजूला खटका; दाबला की दाणा. फुकटचं समोर असताना उंदीर खटका कशाला दाबतील? पण त्यांनी दाबला. याला इंग्रजीत ‘कॉन्ट्राफ्रीलोडिंग’ असं लांबलचक नाव आहे. आपण ‘फुकट नको, कमावून हवं’ म्हणू. पुढे कबुतरांत, स्टार्लिंग पक्ष्यांत, ग्रिझली अस्वलांतही हे दिसलं. त्याचा एक अर्थ असा लावतात की प्राणी दाण्याबरोबर माहिती गोळा करत असतो: आजचं भांडं उद्या रिकामं झालं तर दुसरं कुठे मिळेल? दुसरा अर्थ मला अधिक आवडायचा. कामातच काही गोडी आहे. गीतेवर भाषण ठोकायला चांगलं उदाहरण होतं.

आणि इथे मांजर आडवं जातं. (हशा) १९७१ सालच्या एका प्रयोगात सहा मांजरांनी सरळ फुकटचं खाल्लं. शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘मांजरांचा आळस’ आहे. बरं, तो जुना, प्रयोगशाळेतला प्रयोग. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी घरगुती १७ मांजरांना त्यांच्या घरीच साधी थाळी आणि कोड्याचं भांडं शेजारी शेजारी दिलं. अभ्यास २०२१ साली छापला गेला. बहुतेकांनी थाळीतलंच जास्त खाल्लं. काहींनी कोड्यातलंही थोडं खाल्लं, पण कोड्याला खरी पसंती म्हणावी असं घडलं नाही.

मग प्रश्न सरळ उभा राहतो. मांजराला कोडं नको आहे. तरी द्यायचं का?

कठोपनिषदात यमाने नचिकेताला श्रेय आणि प्रेय असा भेद सांगितलाय: हिताचं एक, आवडीचं दुसरं. मला लिफ्ट आवडते आणि जिना हिताचा आहे. तेव्हा गार्गीला वाडगा प्रिय असला तरी कोडं श्रेयस्कर, असं म्हणून मोकळं होता येतं. पण हा युक्तिवाद दिसतो तितका निरुपद्रवी नाही. नचिकेताने श्रेय स्वतः निवडलं होतं. दुसऱ्याचं श्रेय आपण परस्पर ठरवतो तेव्हा बहुतेक वेळा आपली सोयच त्याच्या नावावर मांडत असतो. सासूने सुनेला, बापाने मुलाला, सरकारने लोकांना ‘तुमच्याच भल्यासाठी’ म्हणून काय काय करायला लावलंय ते आठवा. मीही दीड दिवस तेच केलं होतं.

मला वाट सापडली ती अनपेक्षित ठिकाणी. रामानुजांच्या परंपरेत पुढे दोन शाखा झाल्या, वडकलै आणि तेन्कलै. वाद ईश्वराच्या कृपेचा. वडकलै म्हणतात, माकडिणीचं पिल्लू आईच्या पोटाला आपल्या हातांनी घट्ट धरतं. भक्तानेही तेवढं तरी करावं. तेन्कलै म्हणतात, मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही. आई मानगूट धरून नेईल तिकडे जातं, तसं शरण जावं. मर्कटकिशोर न्याय आणि मार्जारकिशोर न्याय. तीस वर्षं मी हे फळ्यावर लिहिलं, आणि एकदाही विचारलं नाही की मांजरी पिल्लाला असं किती दिवस उचलते?

थोडेच दिवस. महिन्याभराची पिल्लं झाली की ती त्यांच्यापुढे मेलेला उंदीर आणून टाकते. मग अर्धमेला. मग जिवंत, तो पळाला तर स्वतः पकडून पुन्हा त्यांच्यापुढे सोडते. वाड्यात तांदळाच्या पिंपामागे हा वर्ग भरलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. आई आरडाओरडा करत होती आणि मांजरी शांतपणे बसून होती. आणि मंडळी, ज्या दिवशी पहिला उंदीर येतो त्या दिवशी दूध बंद होत नाही. पुढचे कित्येक आठवडे दोन्ही चालू असतं. उंदीर जमला तर जमला, नाही जमला तर दूध आहेच. मी नेमकं दूध तोडून उंदीर दिला होता, आणि तोही एकदम जिवंत.

अन्न अडवून काम करून घेणं वेगळं, आणि काम समोर ठेवून अन्न चालू ठेवणं वेगळं. आज जे मी सांगतोय ते सगळं या फरकावर उभं आहे.

आता हातात घेऊन करायचं काय, ते सांगतो. महागाचं भांडं आणू नका. आमच्याकडे आता गार्गीचं कोडं म्हणजे हिचं जुनं बिडाचं आप्पेपात्र आहे. (हशा) हसू नका. खळगे आयते, जड असल्यामुळे उलटत नाही, धुवायला सोपं. पहिल्या आठवड्यात खळग्यांत नुसते दाणे घातले, आणि वाडगा शेजारीच. काटा आणला होता, दिवसाचे ग्रॅम डॉक्टरांनी ठरवून दिले होते. त्यातले दोन चमचे आप्पेपात्रात, बाकी वाडग्यात. तिने आधी वाडगा संपवला, मग सहज जाता जाता आप्पेपात्र. आठवड्याने वाडग्यातले थोडे इकडे. जवळजवळ महिन्याने मी काही खळग्यांवर टेबल टेनिसचे चेंडू ठेवले. पंजाने चेंडू उडवून खालचा दाणा खायचा. पहिला चेंडू टुणटुणत सोफ्याखाली गेला तेव्हा तिने दाणा सोडला आणि चेंडूमागे गेली. पाच वर्षांत मी तिला पहिल्यांदा धावताना पाहिलं.

इतरही पुष्कळ करता येतं. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे. मिठाईचा खोका, झाकणाला पंजा जाईल एवढी भोकं पाडून. पाण्याची छोटी बाटली, दाण्याहून चांगली मोठी चार-सहा भोकं पाडून, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. सुरुवातीला भरपूर भरा म्हणजे हात लावला की दाणा पडेल, पुढे भोकं कमी करा. ओलं खाद्य देत असाल तर बर्फाच्या ट्रेच्या खणांत थापा आणि रोज घासा, नाहीतर उन्हाळ्यात वास मारेल. दोरे, रबरबँड, गिळता येतील असे तुकडे अजिबात नकोत. दोन मांजरं असतील तर दोन भांडी, एकमेकांना दिसणार नाहीत अशी. नाहीतर एक कोडं सोडवतं आणि दुसरं खातं. आणि पहिला नियम मी माझ्या चुकीतून लिहिलाय. मांजराने दिवसभर काही खाल्लं नाही तर कोडं बाजूला, वाडगा समोर, आणि तरी खात नसेल तर डॉक्टरांना फोन. वजन उतरवायचं ते आठवड्याला एखाद टक्का, त्याहून घाई नको.

फायदा काय होतो, याबद्दलही जरा जपून बोलायला हवं. पशुवैद्यकाच्या एका नियतकालिकात २०१६ साली या भांड्यांवर लेख आला. त्यात एकेका मांजराच्या हकिकती आहेत. कुणाचं वजन उतरलं, कुणाचं माणसांना चावणं थांबलं, कुणी पुन्हा मातीच्या ट्रेत जायला लागलं. हकिकती चांगल्या आहेत, पण हकिकत म्हणजे प्रमाण नव्हे, हे मी न्यायदर्शनाच्या तासाला सांगत आलोय. टेनेसी विद्यापीठातल्या संशोधकांनी घरातल्या मांजरांची हालचाल यंत्राने मोजली. २०१८ साली छापलेल्या त्या प्राथमिक अभ्यासात कोड्याच्या भांड्यामुळे दिवसभराची एकूण हालचाल वाढलेली दिसली नाही. म्हणजे हे व्यायामाचं यंत्र समजून आणू नका. खाणं सावकाश होतं, दिवसभरात विभागलं जातं, पंजाला आणि डोक्याला काम मिळतं. एवढंच त्याचं काम, आणि ते मला पुरेसं वाटतं.

धावण्यासाठी तुम्हीच लागता. इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठाने बाहेर हिंडणाऱ्या, शिकार घरी आणणाऱ्या ३५५ मांजरांवर प्रयोग केला, २०२१ साली तो प्रसिद्ध झाला. ज्या घरांत माणूस रोज पाच-दहा मिनिटं मांजराशी काठीला पिसं बांधून खेळला, तिथली मांजरं घरी आणत असलेली शिकार २५ टक्क्यांनी कमी झाली. भरपूर मांस असलेल्या खाद्याने ३६ टक्के कमी. आणि कोड्याच्या भांड्याने? ३३ टक्के वाढली! ती मांजरं चिडली असतील किंवा अर्धपोटी राहिली असतील. तेव्हा संध्याकाळी दिवेलागणीला मी दहा मिनिटं काठी फिरवतो, शेवटी तिला पिसं पकडू देतो, आणि मग आप्पेपात्र. माझ्याही गुडघ्यांना बरं पडतं.

गार्गीचं वजन १४ महिन्यांत ६.२ वरून ५.४ झालं. त्याचं बहुतेक श्रेय मोजकाट्याचं आहे.

प्रश्न घेऊ या.

श्रोता : सर, आमचा बोका पंधरा वर्षांचा आहे, एका डोळ्याने दिसत नाही. त्याला हे जमेल का?

उत्तर : आधी डॉक्टरांना विचारा. म्हाताऱ्या मांजराचे दात, मूत्रपिंडं तपासलेली हवीत. त्यांनी हरकत नाही म्हटलं तर मांजराला नाक असतंच. जागचं हलणार नाही असं पसरट भांडं, रोज एकाच जागी. चेंडूबिंडू नकोत. आणि त्याने दुर्लक्ष केलं तर तुम्हीही करा. पंधरा वर्षांच्या माणसाला, चुकलो, बोक्याला, आयतं जेवायचा हक्क आहे.

श्रोती : आम्ही दोघं नोकरीला जातो, घर दहा तास बंद. अशा वेळी सगळं खाणं कोड्यात ठेवलं तर चालेल?

उत्तर : सवय पक्की झालेली असली तरी सगळं नको. निघताना दोन-तीन सोपी भांडी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा, एक साधी वाटी राहू द्या. संध्याकाळी आल्यावर कशात किती उरलं ते बघा. पहिले काही दिवस तुम्ही घरी असताना करा, सुट्टीच्या दिवशी. पुढ्यात बसून बघितल्याशिवाय ते मांजर अडलंय की कंटाळलंय हे कळत नाही.

श्रोता : सर, पहाटे साडेचारचं काय झालं?

उत्तर : रात्री झोपण्यापूर्वी मी आप्पेपात्र भरून स्वयंपाकघरात ठेवतो. पहाटे तिकडून चेंडूंचा आवाज येतो. मग ती छातीवर येते. हल्ली पाच वाजून दहा मिनिटं झालेली असतात.